तुझं शांघायचं दुकान

टेकचंद, तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. काल तुझं बारावं झालं. टिकाण्यात, तुमच्या सिंधी कॅम्पातल्या देवळात, एकेक जण उठून सांगत होता. स्टोव्ह दुरुस्त करणारा गफूरभाई, जो तुला शेवटपर्यंत ‘चिनी शेट’ म्हणून चिडवत आला, तोही तुझ्याबद्दल चांगलंच बोलला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भागीदार म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. मी हात जोडले आणि खाली बसलो. उभा राहिलो असतो तर भांडलो असतो. आठ वर्षांत तुझ्यासमोर उभं राहून मी दुसरं काही केलेलं नाही.

माझं भांडण एकच आहे, आणि ते तुला ठाऊक आहे. तुझ्या त्या शांघायच्या दुकानापायी माझा सख्खा थोरला भाऊ, आबा, मला तोडून बसला. तू म्हणायचास, आज ना उद्या आबा येईल. तो आला नाही. तू निघून गेलास. आणि ते शांघायचं दुकान तुझं कोण लागत होतं, हे मला काल दुपारी कळलं. आता मी कुणाची गचांडी धरू?

तू मला पहिल्यांदा दिसलास चाकणच्या गुरांच्या बाजारात. मी तेव्हा बैलांची दलाली करायचो. वडिलांच्या जमिनीत एकच घर भागत होतं, ती मी आबाला सोडून दिली आणि तोंडावर जगायला बाहेर पडलो. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबायची आणि मान हलवायची. शेजारच्याला आकडा कळता कामा नये. मी असाच एका जोडीच्या सौद्यात होतो, आणि तू खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन टक लावून बघत होतास.

“साईं, हात छुपाके काय करता?”

“भाव करतोय.”

“भाव काय लपवायची चीज आहे?”

“मग काय दवंडी पिटू?”

“हा बैल उद्या दुसऱ्याला कितीला मिळेल?”

“त्याच्या नशिबात असेल तितक्याला. तुम्ही कोण, फौजदार?”

तू हसलास. तुझा वरचा एक दात तुटका होता, तो मला तेव्हा दिसला. मग तू चिखलातच चादर पसरून बसलास. प्रत्येक तुकड्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर आकडा. बायका यायच्या, हात लावायच्या, “किती सोडणार?” म्हणायच्या आणि तू बोटानं चिठ्ठी दाखवायचास. दुपारपर्यंत तुझा एक तुकडा गेला नाही. मला राहवलं नाही. कुणी माल घेऊन बसलाय आणि त्याला विकता येत नाही, हे माझ्यानं बघवत नाही. मी म्हणालो, “सरका.” चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. तासाभरात चादर रिकामी झाली. कुणाला दीडपट, कुणाला सवाई, एका पोलिसाला पडत्या भावात. सगळे पैसे तुझ्या ओंजळीत ओतले. वाटलं, पाया पडशील.

तू पैसे हातात धरून बाजारभर गिऱ्हाइकं शोधत सुटलास. जास्तीचे परत करायला! एक म्हातारा तेवढा तुला सापडला. धोतरजोडी काखेत मारून निघाला होता. तू त्याला आठ आणे द्यायला लागलास.

“कशापायी?” म्हातारा म्हणाला.

“जास्त घेतले तुमच्याकडून.”

“कापडात खोड हाय का काय?”

“खोड नाही, बाबा.”

“मग आसं कोन परत देतंय? फाटकं दिलं व्हय रं मला?”

त्यानं तिथंच नवं धोतर उलगडून उन्हात धरलं, भोक सापडलं नाही म्हणून आणखी घाबरला, आणि धोतर तुझ्या अंगावर टाकून सगळे पैसे परत घेऊन गेला. मी हसून हसून खाली बसलो. तू मात्र लाल झाला होतास. म्हणालास, “तू चोर आहेस. पण तुला विकता येतं. माझ्यासोबत दुकान काढ.”

मी का हो म्हणालो ते आजही नीट सांगता येणार नाही. बैल घेताना मी दात बघतो, खूर बघतो, शेपटी पिळून बघतो. तुझ्या बाबतीत मी नुसतं ऐकलं. पिंपरीत रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहीपर्यंत, आणि नंतरही कितीतरी वर्षं, तू बोलत राहिलास आणि मी ऐकत राहिलो.

तू सांगायचास, शांघायला एक दुकान आहे. त्याला दुकान म्हणायचं नाही, ती सात मजली इमारत आहे. समुद्रापार कुणाच्या तरी मळ्यात राबलेले तीन चुलतभाऊ पैसा गाठीला बांधून परत आले आणि शहरातल्या सगळ्यांत रुंद रस्त्यावर त्यांनी ती उभी केली. पहिल्या मजल्यावर सुगंधी साबण आणि मिठाई, दुसऱ्यावर कापड, त्यावर घड्याळं, त्यावर खुर्च्या-टेबलं. विजेचा पाळणा माणसाला वर नेतो. खेड्यातली माणसं दिवसभर नुसती त्या पाळण्यात बसून वर-खाली करायची, आणि कुणी हाकलायचं नाही. गच्चीवर बाग, बागेत गाणी, चहा. आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. उघडलं त्या पहिल्या दिवशी लोक सकाळपासून घासाघीस करत राहिले. विकणाऱ्यांना मालकाचा हुकूम होता, वाद घालायचा नाही, हसायचं आणि चिठ्ठी दाखवायची. तिसऱ्या प्रहरापर्यंत एक सुईसुद्धा गेली नाही. शेवटी रिक्षा ओढणारा एक माणूस घाम पुसत आत आला, त्यानं टॉवेल उचलला, चिठ्ठीवरचे पैसे ठेवले आणि गेला. तुझ्या सांगण्याप्रमाणे मालकानं त्याला जाताना लवून नमस्कार केला.

“आणि मग?” मी दर वेळी विचारायचो.

“मग काय, मग शहर आत आलं.”

लढाईत त्या रस्त्यावर बॉम्ब पडला. काचा फुटल्या, माणसं मेली. दुकानवाल्यांनी काचा झाडल्या, फळ्या ठोकल्या आणि त्याच चिठ्ठ्या लावून फुटपाथवर माल मांडला. पुढं पैशाची किंमत इतकी पडली, की सकाळची चिठ्ठी दुपारी बदलायची आणि दुपारची संध्याकाळी. पण बदलायची ती सगळ्यांसाठी. ही गोष्ट तू अशा डौलात सांगायचास, की दुकान तुझ्याच बापाचं आहे असं वाटावं. मी विचारलं होतं, तू तिथं काय करायचास? “दुसऱ्या मजल्यावर रेशीम विकायचो,” तू म्हणालास. अगदी सहज. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी! जो समोरच्याच्या बायकोचं माहेर विचारल्याशिवाय बैलाचा कासरा हातात घेत नाही.

आपलं दुकान केवढं? चार फळ्या आणि एक गादी. पण तू त्या फळ्यांनाही मजले म्हणायचास. “मावशी, बांगड्या पहिल्या मजल्यावर, लुगडी दुसऱ्या मजल्यावर.” मावशी बिचारी वर पत्र्याकडे बघायची, मग तू हातानं दाखवलंस की दोन पावलं डावीकडे सरकायची. पत्र्यावर तू सदाफुलीची कुंडी चढवलीस आणि म्हणालास, ही गच्चीवरची बाग. गफूरभाईनं तुझं ‘चिनी शेट’ असं बारसं केलं ते त्याच दिवशी. दारावर मराठीत, हिंदीत आणि तुमच्या सिंधी लिपीत पाटी लावलीस. एकच भाव.

पहिलं वर्ष मी तुला रोज शिव्या दिल्या. लोक हसत यायचे आणि न घेता जायचे. मी म्हणायचो, “टेकचंद, माणसाला वस्तू नको असते, जिंकायला पाहिजे असतं. चार आणे चढवून सांग, चार आणे सोड, तो नाचत घरी जातो.” तू म्हणायचास, “आणि ज्याला बोलता येत नाही, तो?”

तुझं हे उत्तर मला पटायचं नाही. मग ती नगरकडची बाई आली. नवरा औषधाच्या कारखान्यात लागला होता, पिंपरीत येऊन आठ दिवस झाले होते. नऊवारीचा पदर तोंडाशी, मूठ घट्ट मिटलेली. तिनं बाळाच्या कुंचीच्या कापडाचा भाव एकदा विचारला. तू सांगितलास. तिनं मूठ उघडली, पैसे दिले, पुडकं घेतलं आणि दारात थांबून राहिली. जाईना. मी विचारलं, “काय राहिलं बाई?” ती म्हणाली, “न्हाई, तुमी काई म्हनलाच न्हाई.” शहरात आल्यापासून प्रत्येक दुकानदार तिला काही ना काही बोलला होता. घ्यायची ऐपत नाही तर हात कशाला लावता, असं. तिला वाटलं, इथलंही बोलणं व्हायचं राहिलंय, ते ऐकून जावं.

ती पुढच्या आठवड्यात आणखी तिघींना घेऊन आली. तुला आठवतं का, तू त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. जिंकल्यावर समोरच्याकडे बघायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं कोण जाणे. मी तर बघतो, आणि मिशीला पीळ देतो.

त्यानंतर दुकान चाललं. दापोडीहून, काळेवाडीहून बायका पायी यायच्या. लहान पोराच्या हातात पैसे देऊन पाठवलं तरी फसवणूक नाही, हे सगळीकडे झालं. नवे पैसे आले तेव्हा सगळ्या दुकानदारांनी आण्याचे पैसे करताना वरचा आकडा धरला आणि तू दोन दिवस बसून प्रत्येक चिठ्ठी खालच्या आकड्यावर आणलीस. मी त्या दोन दिवसांत तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रांग बघितली आणि चहा मागवला. हे सगळं मी मान्य करतो. मी आज जो कुणी आहे, ज्याला गफूरभाईसारखा माणूस ‘शेट’ म्हणतो, तो तुझ्यामुळे. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना मला ते आठवणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आबाच्या लेकीचं, हौसाचं, लग्न ठरलं. आबा बस्ता बांधायला आपल्या दुकानात आला. तुला आमचा बस्ता माहीत नव्हता, मी सांगायला हवा होता. ती नुसती खरेदी नसते. मुलीचा बाप चार पाहुणे, सोयरे, गावचा एखादा शहाणा असा लवाजमा घेऊन दुकानात गादीवर बसतो. दिवसभर लुगडी उलगडायची, नावं ठेवायची, उठून जायचं, परत बसायचं. शेवटी आकडा तोडायचा, आणि दुकानदारानं वरून एक खण ठेवायचा. आबा दोन बैलगाड्या जुंपून आला होता. सोबत हौसा होती, व्याही होता. “माझ्या भावाचं दुकान हाय,” असं वाटेत सांगत आला असणार. पुण्यातली मोठी दुकानं सोडून तो आपल्या पत्र्याखाली आला, टेकचंद.

सगळं निवडून झालं. आबानं मांडी बदलली, पानाला चुना लावला आणि हसत म्हणाला, “बरं शेट, आता ह्यातलं किती सोडता?”

तूही हसलास. चिठ्ठीवर बोट ठेवलंस. “आबासाहेब, एकच भाव.”

“ते लोकांना. आमी घरचं.”

“घरच्यालाही तोच.”

व्याही खोकला. आबा माझ्याकडे वळला. “काय रे ग्यानबा? ह्ये काय म्हनत्यात तुझं शेट?”

मी तुला मागं ओढून नेलं. आठ आणे, टेकचंद. मी म्हणालो, फक्त आठ आणे सोड, चार माणसांत त्याची मान राहू दे. तू म्हणालास, सगळा बस्ता तुझ्या घरातून आहेर म्हणून दे, मी अर्धा वाटा उचलतो, पण भाव मोडू नको. मी म्हणालो, तो आहेर घेणार नाही, मुलीचा बाप आहे, त्याला विकत घ्यायचंय. आणि मग तू मला ती गोष्ट सांगितलीस. शांघायच्या दुकानात थोरल्या मालकाची आई कांबळं घ्यायला आली होती. म्हातारीनं दोन नाणी कमी दिली. मालक स्वतः गल्ल्यावर होता. त्यानं आईला सगळ्यांसमोर थांबवलं, दोन नाणी मागून घेतली, आणि संध्याकाळी घरी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “आई समजली,” तू म्हणालास. “भाऊ समजेल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, देवाशपथ. मला वाटलं, केवढी माणसं ही. आपणही व्हावं. मी बाहेर आलो आणि आबाला म्हणालो, “आबा, दुकानाचा नियम आहे.”

आबानं उलगडलेलं लुगडं स्वतःच्या हातानं नीट घडी करून ठेवलं. पाहुण्यांना म्हणाला, “चला. परक्याच्या गादीवर लई येळ बसलो.” हौसा गाडीत बसताना मागं वळून बघत होती.

लग्नाच्या अक्षता मला आल्या नाहीत. बस्त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी पायांवर डोकं ठेवायला गेलो होतो, तुझ्या मालकासारखा. आबा गोठ्यात होता. त्यानं गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.

त्यानंतर मी तुला जे जे बोललो ते परत लिहीत नाही. तू उलट बोलायचा नाहीस, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. त्याच सुमारास तुझ्या एका चिनी मित्राचं पत्र आलं. शांघायच्या दुकानात फाउंटन पेनं विकायचा तो. पत्र हाँगकाँगमार्गे, महिनोन् महिने हिंडून आलेलं. त्यात होतं, की दुकान आता सरकारचं झालं. पाटी बदलली. मालकांपैकी एक जण तिथंच पगारावर बसतो, आपल्याच दुकानात. तू त्या दिवशी जेवला नाहीस. दुपारी फळीवर हात टेकून म्हणालास, “भाव तरी एकच ठेवलाय त्यांनी.” मी म्हणालो, “माझा भाऊ गेला तेव्हा जेवलास ना व्यवस्थित?” तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील काहीतरी. तू चिठ्ठ्या लिहायला बसलास. आता वाटतं, बोलणार होतास. काय ते मला माहीत नाही, आणि अंदाज करून मला समाधान करून घ्यायचं नाही.

काल बाराव्यानंतर मी तुझ्या बायकोकडे, भाभीकडे, गेलो. कॅम्पातल्या तुमच्या बराकीत बायका होत्या, त्या उठून बाहेर गेल्या. माझ्या मनात होतं, त्या दुकानाचं एखादं चित्र, एखादा कागद तुझ्या पेटीत असेल, तो काचेत बसवून पाटीशेजारी लावावा. राग रागाच्या जागी. तुझं नाव तरी त्या दुकानासोबत राहावं. मी म्हणालो, “भाभी, टेकचंद जिथं नोकरी करायचा त्या दुकानाचा फोटो आहे का?”

“कुठला? सेठ हासोमलच्या दुकानाचा?”

“नाही, ते मोठं. सात मजल्यांचं.”

भाभी म्हणाल्या, “भाऊ, तिथं हे कधी होते? ते तर सामने होतं. रस्त्याच्या पलीकडे. हे तर आमच्याच सिंधी सेठच्या छोट्या दुकानात होते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना कळतही नव्हतं की त्या काय करतायत. हासोमलचं रेशमाचं दुकान, एक गादी, तीन नोकर. तिथं भाव व्हायचा, अगदी आमच्या चाकणसारखा. समोर ती इमारत उभी राहिलेली. गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. सेठ सिंधला परत गेला, बाकीचे दोघं गेले, आणि तू किल्ली सांभाळत रिकाम्या दुकानात एकटा बसून राहिलास. वर्षभर. समोर बघत. तो पेनवाला मित्र जेवणाच्या सुट्टीत तुझ्याकडे यायचा आणि आतलं सांगायचा. पाळण्यात बसायला तू एकदा गेला होतास म्हणे.

मी विचारलं, “मला का नाही सांगितलं त्यानं?”

भाभी म्हणाल्या, “बंद पडलेल्या दुकानात बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं, भाऊ?”

मी उठणार होतो. उठायला हवं होतं. पण दात बघायची सवय उशिरा का होईना परत आली. मी म्हणालो, “आणि ती मालकाच्या आईची गोष्ट? कांबळ्याची?”

“कुठली आई?”

मी गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली. म्हणाल्या, “त्या दुकानाची प्रत्येक गोष्ट मी शंभर वेळा ऐकली. ही नाही ऐकली.”

म्हणजे त्या दिवशी, दुकानाच्या मागं, माझा भाऊ गादीवर बसलेला असताना, तू उभ्या उभ्या ती रचलीस. आई नव्हती. कांबळं नव्हतं. दोन नाणी नव्हती. टेकचंद, तू मला माल विकलास. चिठ्ठी नसलेला. आणि मी घासाघीस न करता घेतला.

बाहेर आलो तर गफूरभाई उभा होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “पण राव, दुकान तर खरं चाललं.” मी त्याला आई-बहिणीवरून शिवी दिली. तो म्हणाला, “चला, तुम्ही ठीक आहात.”

मी ठीक नाही. आज सकाळी दुकान उघडलं नाही. भोसरीच्या फाट्यावर जाऊन नाशिक रस्त्याची एस.टी. धरली आणि गावी गेलो. हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिचं डोहाळजेवण उद्यावर आलंय, हे मला परक्याकडून कळलं होतं. हिरवी साडी नेली. बावीस रुपयांची. वाटभर एकच वाक्य घोकत होतो, आबा, तो नियम खोटा होता, नियम करणारा मेला, आता आपल्यात आडवं काही राहिलं नाही.

आबा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. म्हातारा झालाय. “या,” म्हणाला. “बसा.”

वहिनीनं पाणी आणून ठेवलं. मी सांगितलं, टेकचंद गेला. आबा म्हणाला, “ऐकलं. वाईट झालं. मानूस सरळ हुता.” मी वाक्य बोललो, घोकलेलं. सगळं सांगितलं, हासोमल, रिकामं दुकान, ती न झालेली आई. आबानं सुतळी थांबवली नाही. शेवटी म्हणाला, “त्यानं खोटं सांगितलं आसंल. पर मला नियम तुमी सांगितला हुता.”

मी साडी पुढं केली. “हौसासाठी.”

“फुकट न्हाई घेनार. किंमत सांगा.”

टेकचंद, मग मी जे केलं ते तुला कळणार नाही, चाकणच्या बाजारात वाढलेल्यालाच कळेल. मी म्हणालो, “पंचेचाळीस.” बावीसच्या साडीचे पंचेचाळीस, माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या सख्ख्या भावाला. मला तो चिडायला हवा होता. दुप्पट सांगितलं की आमच्यातला माणूस उसळतो. लुटतोस का म्हणतो. मग मी काहीतरी बोलतो, मग तो बस्त्याचं काढतो, मी जमिनीचं काढतो, आई काढली जाते, बाप काढला जातो, वहिनी मध्ये पडते. ओरडून ओरडून दोघांचे घसे बसतात आणि कुणीतरी चहा टाकतो. लहानपणी एका पतंगासाठी आम्ही असे दोन दिवस भांडलो होतो. मला तेवढंच पाहिजे होतं. ओरड, आबा. चोर म्हण.

आबा उठला. आत गेला. डब्याचं झाकण वाजलं. हौसा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, पोटावर हात ठेवून. “काका,” एवढंच म्हणाली आणि बापाची पावलं ऐकून आत सरली. आबा बाहेर आला, त्यानं नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि साडी उचलून वहिनीकडे दिली.

मी म्हणालो, “आबा, भाव तरी कर की रे.”

“कशाला?” तो म्हणाला. “तुमच्यात करत न्हाईत.” आणि सुतळी घेऊन बसला.

तुझी आठ वर्षं सोडली तर जन्मभर मी भाव फुगवून सांगत आलो, टेकचंद. बैलांचे, कापडाचे, नको त्या गोष्टींचे. फुगवून सांगितलेला भाव जसाच्या तसा मला आजवर कुणी दिला नव्हता. आबानं दिला.